कमल रणदिवे आणि परळचे उंदीर

बऱ्याच दिवसांत इथे काही टाकलं नाही. आधी रिलीज होतं, मग रिलीजमधले बग होते, आणि उरलेसुरले विकांत पोलादपूर-खारघर फेऱ्यांमध्ये गेले. आजचा लेख त्या फेऱ्यांमधूनच आलाय. विषय इतिहासाचा आहे. आता महाडकडचा माणूस इतिहासावर लिहिणार म्हटल्यावर रायगड, उमरठ नाहीतर चवदार तळं असणार असं तुम्ही गृहीत धरलं असेल, तर माफ करा मंडळी, आजचा इतिहास उंदरांचा आहे.

तर झालं असं. माझी आत्या पोलादपूरच्या पलीकडे, आंबेनळी घाटाच्या अंगाला एका वाडीत राहते. तिच्या तोंडात खालची हिरडी आणि गाल यांच्या बेचक्यात एक जखम होती. चार महिने बरी होत नव्हती. तिनं लवंग दाबून पाहिली, हळद लावली, मग कुणाकडून तरी गोळ्या आणल्या. शेवटी एका दातांच्या डॉक्टरांनी आरसा घालून बघितलं आणि फार काही न बोलता चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठीतला 'टाटा' एवढाच शब्द मला वाचता आला. तेवढा पुरेसा होता.

आमच्याकडे कॅन्सर हा शब्द घरात कुणी उच्चारत नाही. 'तो आजार' म्हणतात, 'गाठ' म्हणतात, किंवा नुसतंच 'टाटाला नेलंय'. ऐकणारा समजतो आणि चहा न घेताच निघतो.

परळला नंबर लागायची वाट बघत बसलो होतो तेव्हा आत्यानं विचारलं, "मला कशानं झालं रे हे? मी तर कुणाचं वाईट केलं नाय."

मी म्हटलं, "मिश्रीनं, आत्या."

"मिश्री तर आख्खी वाडी लावते. मलाच बरं झालं?"

बाबा शेजारी होते. ते म्हणाले, "आपल्या घराण्यात तर कुणाला नव्हतं."

मी गप्प बसलो. रोज ऑफिसात 'माझ्या मशिनवर तर व्यवस्थित चालतंय' हे वाक्य ऐकणाऱ्या माणसाला खरं तर हा प्रश्न कळायला हवा होता. इनपुट सगळ्यांचा एक, मग क्रॅश एकाच मशिनवर का? ज्या गोष्टी वेगळ्या आहेत त्या शोधायच्या, एकेक बदलून बघायच्या. पण माणसांच्या बाबतीत एकेक गोष्ट बदलून कशी बघणार? आणि तेव्हा मला एका बाईंची आठवण झाली. त्यांनी हाच प्रश्न, त्याच परळमध्ये, उंदरांना विचारला होता.

त्या म्हणजे डॉ. कमल रणदिवे. मला त्यांचं नाव कळलं ते ८ नोव्हेंबर २०२१ ला, गुगलच्या पहिल्या पानावर. कोविडचे दिवस होते, मी महाडच्या घरातून काम करत होतो. रेंजसाठी गच्चीवर बसलेलो, आणि पान उघडलं तर चित्रात एक मराठी बाई आणि सूक्ष्मदर्शक. तेव्हा दोन ओळी वाचून टॅब बंद केली. सगळेच करतात तसं. या वर्षी हॉस्पिटलच्या बाकड्यांवर बसून बाकीचं वाचलं.

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा, पुण्याचा. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. शाळा हुजूरपागा. वडिलांची इच्छा होती की मुलीनं डॉक्टर व्हावं आणि नवराही डॉक्टर करावा. मुलीनं दोन्ही केलं नाही. फर्ग्युसनमधून वनस्पतिशास्त्र-प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाल्या आणि १९३९ च्या मे महिन्यात ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी लग्न केलं. ते गणिती होते. (बायकोच्या पुढच्या शिक्षणात ते स्वतः लक्ष घालत असत. त्या काळच्या नवऱ्यांची सरासरी काढली तर हे बरंच वर जाईल.) १९४३ साली त्यांनी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एम.एस्सी. केलं. विषय? सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं! म्हणजे पुढे देशभर कॅन्सर संशोधक म्हणून नाव झालेल्या बाईंची सुरुवात सीताफळाच्या पेशी मोजण्यापासून झाली. मला हे फार आवडलं. आपल्याकडे दहावीनंतर 'लाइन' ठरते आणि ती बदलली की घरात सुतक पडतं, म्हणून जास्त.

लग्नानंतर त्या मुंबईला आल्या आणि टाटा मेमोरियल हॉस्पिटलात कामाला लागल्या. हे हॉस्पिटल १९४१ च्या फेब्रुवारीत सुरू झालेलं, म्हणजे तेव्हा कोरं करकरीत. तिथे त्यांना गुरू भेटले डॉ. वसंत रामजी खानोलकर.

खानोलकरांवर वेगळा लेखच लिहायला हवा. पॅथॉलॉजिस्ट माणूस, लंडनहून एम.डी. होऊन आलेला. पण त्यांची नजर काचपट्टीवर थांबणारी नव्हती. रुग्ण काय खातो, काय चघळतो, काय नेसतो हे ते विचारत. कमरेला धोतर घट्ट आवळलं जातं तिथे वर्षानुवर्षं घासून होणारा त्वचेचा कॅन्सर त्यांनी नोंदवून ठेवला. आणि आमच्या दृष्टीनं महत्त्वाचं म्हणजे मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या लागोपाठ १००० रुग्णांचा आढावा घेऊन त्यांनी तो १९४४ साली अमेरिकेतल्या शोधपत्रिकेत छापला. पान-सुपारी-तंबाखू चघळणं आणि तोंडाचा कॅन्सर यांचा संबंध त्या काळापासून कागदावर आहे. १९४४! हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यांच्या हाताखाली कमलताईंनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. आणि इथून उंदीर सुरू होतात.

उंदीरच का? कारण आत्याचा प्रश्न. दोन माणसं कधीच सारखी नसतात. त्यामुळे एकाला झालं आणि दुसऱ्याला नाही याचं कारण काहीही असू शकतं. पण उंदरांमध्ये भाऊ-बहिणींचं मीलन पिढ्यान्‌पिढ्या करत गेलं, साधारण २० पिढ्या, तर अशी जात तयार होते की तिच्यातला प्रत्येक उंदीर दुसऱ्याची जवळजवळ नक्कल असतो. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळ्या मशिनवर एकच बिल्ड. मग काही जाती अशा निघतात की त्यांच्यातल्या बहुतेक माद्यांना म्हातारपणी स्तनाचा कॅन्सर होतोच, आणि काही जातींत तो क्वचित होतो. आता तुम्ही एकेक गोष्ट बदलून बघू शकता.

हे काम जगात आधीच सुरू झालं होतं. ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन नावाच्या सर्जननं १८९६ सालीच दाखवलं होतं की अंडाशय काढल्यावर काही बायकांच्या स्तनातली गाठ आक्रसते. म्हणजे शरीरात एका ठिकाणाहून निघालेला काहीतरी निरोप दुसऱ्या ठिकाणच्या गाठीला पोसतो. तो निरोप म्हणजे हार्मोन, हे नंतर कळलं. १९३२ मध्ये फ्रान्सच्या लाकासान्य यांनी नर उंदरांना स्त्री-हार्मोन टोचलं तर त्यांनाही स्तनाच्या गाठी झाल्या. आणि १९३६ मध्ये अमेरिकेत जॉन बिटनर यांनी एक भलताच सोपा प्रयोग केला. कॅन्सर होणाऱ्या जातीची पिल्लं जन्मल्या जन्मल्या उचलून न होणाऱ्या जातीच्या आईखाली पाजायला ठेवली. ती मोठी झाली तेव्हा त्यांच्यातला कॅन्सर पार खाली आला. रक्त तेच, दूध बदललं. दुधातलं ते 'काहीतरी' म्हणजे एक विषाणू निघाला.

(इथे थांबून सांगतो, नाहीतर कुणीतरी अर्धंच वाचून व्हॉट्सॅपवर फिरवेल: हे उंदरांचं आहे. माणसाच्या दुधातून कॅन्सर जात नाही. बाळाला आईचं दूध द्या.)

तर वंश, हार्मोन आणि विषाणू. तिन्ही धागे एकमेकांत गुंतलेले. परळच्या प्रयोगशाळेत रणदिवे वर्षानुवर्षं हा गुंता सोडवत बसल्या. वेगवेगळ्या जातींच्या उंदरांची तुलना केली. कुणाला कॅन्सर लवकर धरतो, हार्मोन कमी-जास्त केलं तर काय होतं, विषाणूचा वाटा किती. त्या संस्थेत तयार झालेली उंदरांची एक जात तर 'आयसीआरसी उंदीर' याच नावानं शोधनिबंधांत ओळखली जाते. स्तनाच्या कॅन्सरमध्ये आनुवंशिकतेचा हात आहे असं भारतात मांडणाऱ्या पहिल्या लोकांत रणदिवेंचं नाव घेतात.

आयसीआरसी म्हणजे इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर. खानोलकरांनी १९५२ मध्ये परळला उभी केलेली संस्था. पण संस्था म्हणजे पाटी आणि चार खोल्या. त्यात काम करायला लागणाऱ्या वस्तू कुठून आणणार?

हा भाग मला सगळ्यांत जवळचा वाटला. पीएच.डी.नंतर खानोलकरांच्या सांगण्यावरून रणदिवे शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेला गेल्या, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्याकडे. गाय म्हणजे काचेच्या नळीत माणसाच्या पेशी जगवण्याचं वेड लागलेला माणूस. हेन्रिएटा लॅक्स या रुग्ण बाईच्या गाठीतून १९५१ मध्ये ज्या पेशी वाढवल्या गेल्या आणि आजही जगभर वाढताहेत, त्या हेला पेशी याच प्रयोगशाळेतल्या. पेशी शरीराबाहेर जगवायची तर तिला शरीर जे देतं ते सगळं द्यावं लागतं. मीठ, साखर, प्रथिनं, रक्तद्रव, ऊब. गाय यातलं बरंच काही स्वतःच जमवायचे आणि स्वतःच बनवायचे.

रणदिवे ही विद्या शिकून परत आल्या आणि त्यांनी मुंबईत टिश्यू कल्चरची, म्हणजे ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा सुरू केली. देशातली त्या प्रकारची पहिली. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना घेऊन पोषकद्रव आणि लागणारी रसायनं इथेच तयार करायला सुरुवात केली. परकीय चलनाची ओढाताण असलेला तो काळ. बाहेरून बाटली येईपर्यंत पेशी मरून जायच्या. आज आम्ही एक कमांड मारतो आणि पन्नास लायब्रऱ्या आपोआप उतरतात. इथे प्रत्येक डिपेन्डन्सी हातानं लिहायची होती. त्यासोबत माणसंही घडवायची होती. कार्सिनोजेनेसिस, पेशीजीवशास्त्र, इम्युनॉलॉजी असे नवे विभाग त्यांनी उभे केले, आणि १९६६ ते १९७० त्या संस्थेच्या कार्यवाह संचालक होत्या.

या मधल्या कामाला बातमी नसते. 'भारतीय महिलेनं कॅन्सरवर औषध शोधलं' अशी हेडलाइन यात कुठेच नाही. म्हणूनच बहुधा पाठ्यपुस्तकात आपल्याला त्या भेटल्या नाहीत.

पण बघा, एकदा ओटा बांधला की त्यावर काय काय शिजतं. कुष्ठरोगाचे जंतू प्रयोगशाळेत वाढत नाहीत ही डॉक्टरांची जुनी डोकेदुखी. कॅन्सरवाल्यांकडे पेशी वाढवायची विद्या होती, म्हणून रणदिवे, बापट आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णापासून घेतलेले जंतू ऊतिसंवर्धनात वाढवून पाहिले, आणि १९५८ च्या सुमारास एक जंतू हाती लागला. त्याचं नाव आयसीआरसी बॅसिलस. पुढे डॉ. म. ग. देव यांनी त्यावरून कुष्ठरोगाची लस तयार केली. कॅन्सरच्या संस्थेतून कुष्ठरोगाची लस!

आता थोडं निरोपांविषयी, कारण गोष्ट तिथे जाते.

पेशी एकमेकींना सतत निरोप देत असतात. वाढ, थांब, आता मर. निरोपाचा रेणू पेशीच्या दारावरच्या कुलपात बसतो, आत एक साखळी हलते, आणि शेवटी गुणसूत्रापर्यंत हुकूम पोहोचतो. कॅन्सर म्हणजे बऱ्याच वेळा ही साखळी मध्येच कुठेतरी अडकून बसणं. बाहेरून निरोप आलेला नसताना आत 'वाढ, वाढ' चालूच. इन्फिनिट लूप.

रणदिवे ज्या विषाणूवर काम करत होत्या तो उंदराच्या गुणसूत्रात घुसून बसतो. कुठे बसतो? १९८२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत रोएल नुसे आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांनी शोधून काढलं की उंदरांच्या बऱ्याच गाठींत तो एका ठरावीक जीनच्या शेजारी बसलेला असतो आणि त्या जीनचं बटण चालू करून ठेवतो. त्या जीनला त्यांनी नाव दिलं इंट-१. पाच वर्षांनी कळलं की फळमाशीत जो 'विंगलेस' नावाचा जीन आहे (तो बिघडला की माशीला पंख येत नाहीत) तो आणि हा एकच. दोघांची नावं जोडून झालं 'विंट'. माणसाच्या मोठ्या आतड्याच्या बहुतेक कॅन्सरमध्ये हाच विंट निरोपमार्ग बिघडलेला असतो. म्हणजे वंश, हार्मोन आणि विषाणू हे तीन धागे सोडवताना परळमध्ये जी गाठ हाताला लागत होती, तिचं नाव शेवटी सॅन फ्रान्सिस्कोत ठेवलं गेलं. त्याच वर्षी कमल रणदिवे यांना पद्मभूषण मिळालं.

आणि त्याच वर्षी माझे आजोबा परळ सोडून कायमचे गावी आले. ते सांगतोच, आधी साखरेचं राहिलं.

पेशी वाढवणाऱ्यांना एक गोष्ट रोज दिसते. पोषकद्रवात लाल रंगाचं सूचकद्रव्य घातलेलं असतं; पेशी साखर खातात, आम्ल बाहेर टाकतात आणि द्रव हळूहळू पिवळा पडतो. कॅन्सरच्या पेशी फार हावरट. बर्लिनच्या ऑटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात मोजून दाखवलं की गाठीतल्या पेशी प्राणवायू हाताशी असतानाही साखर धड जाळत नाहीत, अर्धवट मोडून लॅक्टिक आम्ल करून टाकतात. हा नुसता उधळेपणा वाटतो, पण वाढणाऱ्या पेशीला बांधकामाचं सामान लागतं, ते असं मिळतं. वाढीचा निरोप आणि साखरेची भूक यांची सांगड नंतर लागली. इन्सुलिनचा निरोप पेशीच्या आत नेणाऱ्या साखळीतलं एक मोठं विकर लुईस कँटली यांना १९८० च्या दशकात सापडलं. तीच साखळी अनेक कॅन्सरमध्ये अडकलेली निघाली.

आत्याच्या पेट स्कॅनच्या दिवशी मला हे सगळं समोर दिसलं. उपाशीपोटी आणायला सांगतात, थोडा किरणोत्सार असलेली साखर टोचतात, तासभर गप्प पडून राहायला लावतात. जिथे भूक जास्त तिथे ती साखर गोळा होते आणि पडद्यावर चमकते. वारबुर्ग यांचा शोध, शंभर वर्षांनी, आमच्या आत्याच्या गालात. तिला मी सांगितलं, "ती गाठ साखर खाते, म्हणून फोटोत दिसते." ही माझी मोठी चूक! घरी पोहोचेस्तोवर चार नातेवाइकांनी तिचा गूळ, चहा, भात सगळं बंद केलं होतं. मग हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञ बाईंनी फोनवर झापलं. साखर तोडून गाठ उपाशी मरत नाही, शरीर रक्तात साखर ठेवतंच, माणूस मात्र वाळतो. आता आत्या गुळाचा चहा पिते. बशीतून, सावकाश, कारण तोंड अजून पूर्ण उघडत नाही.

आता आजोबा.

महाड-पोलादपूरकडचं कुठलंही जुनं घर घ्या, त्यातला एक माणूस गिरणीत असणारच. आजोबा साठीच्या आसपास मुंबईला गेले. लालबागला गाळ्यात राहायचे. एका खोलीत वीस-पंचवीस जण, पाळीप्रमाणे झोपायचे. गिरणी परळला. जायच्या वाटेवर टाटा हॉस्पिटलची भिंत. ही भिंत आजोबांच्या गोष्टींमध्ये नेहमी असायची, कारण तिच्या कडेला एक चहावाला होता आणि रात्रपाळी सुटली की सगळे तिथे थांबायचे.

गणपतीला आणि शिमग्याला आजोबा एसटीनं गावी यायचे. ट्रंकेत काय असायचं हे आत्याला अजून पाठ आहे: खोबऱ्याची वडी, पोरींसाठी रिबिनी, गिरणीतलं कापड, आणि बायकांसाठी तंबाखूचा पुडा. लालबागची तंबाखू म्हणजे चांगली. आजी ती तव्यावर भाजायची, काळी होईस्तोवर. घरभर तो खाट उठायचा. मग खलबत्त्यात कुटून डबीत. आत्या सात-आठ वर्षांची असताना दात दुखला म्हणून आजीनंच तिच्या बोटावर पहिल्यांदा मिश्री ठेवली. त्यानंतर पासष्ट वर्षं रोज.

आणि भिंतीच्या आत? १९७६ आणि १९७९ मध्ये रणदिवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे दोन शोधनिबंध कॅन्सरच्या आंतरराष्ट्रीय पत्रिकेत आले. हॅमस्टर नावाचा उंदरासारखा प्राणी आहे, त्याच्या गालात दाणे साठवायला पिशवी असते. म्हणजे निसर्गानंच बनवलेली तंबाखूची गुळणी धरायची जागा. त्या पिशवीच्या आतून सुपारीचा अर्क, तंबाखूचा अर्क, दोन्ही मिळून, असं लावत गेले आणि तिथे कॅन्सर उठतो का ते पाहिलं. उठला. नुसती सुपारीही निर्दोष नाही हे त्यात दिसलं. सुपारी तंबाखूशिवायसुद्धा माणसात कॅन्सर करते यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं शिक्का मारला तो २००४ मध्ये छापलेल्या अहवालात, पंचवीस वर्षांनी. नंतर ऐंशीच्या दशकात त्याच संस्थेत डॉ. भिडे यांच्या गटानं खास मशेरीवरही प्राण्यांत प्रयोग केले. मशेरी, म्हणजे आमची मिश्री. आमच्या वाडीतल्या डबीतली वस्तू परळच्या प्रयोगशाळेत पोहोचली होती.

म्हणजे १९४४ पासून कागदावर होतं, १९७६ पासून हॅमस्टरच्या गालावर होतं. आणि माझे आजोबा त्याच भिंतीला टेकून चहा पिऊन, त्याच आठवड्यात तंबाखूचा पुडा बांधून घेऊन महाडच्या एसटीत बसत होते.

यात रणदिवेंचा दोष आहे असं मला बिलकुल म्हणायचं नाही. उलट या बाईंना हे अंतर चांगलं ठाऊक होतं असं वाटतं. १९७३ मध्ये त्यांनी अकरा सहकारी मैत्रिणींना घेऊन भारतीय महिला वैज्ञानिक संघटना काढली. वाशीला तिचं नोकरदार बायकांसाठी वसतिगृह आहे, पाळणाघर आहे. आणि सत्तरी ओलांडल्यावर, १९८९ मध्ये, त्या नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी करत होत्या, तिथल्या बायकांना आरोग्याचं सांगत होत्या. प्रयोगशाळेतून उठून स्वतः वाडीवर जाणं, ते त्यांनी केलं. फक्त त्या गेल्या ती वाडी आमची नव्हती.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. २६ जानेवारीच्या यादीत कमल रणदिवेंचं नाव आलं. आजोबांनी वर्षभर वाट पाहिली आणि ट्रंक घेऊन परत आले. शेवटच्या ट्रंकेतही पुडा होता म्हणे.

कमल रणदिवे २००१ च्या एप्रिलमध्ये गेल्या. त्यांची संस्था पुढच्याच वर्षी परळहून खारघरला हलली. आता तिला अ‍ॅक्ट्रेक म्हणतात. खारघर पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात. म्हणजे कागदोपत्री ते उंदीर आता आमच्या जिल्ह्याचे रहिवासी. :) आत्याची रेडिएशन तिथेच झाली. पोलादपूरहून पहाटे निघायचं, हायवेची अवस्था तुम्हाला माहीत आहे, पेण येईपर्यंत तिच्या पोटातलं ढवळून निघायचं. नंतर जवळच एक खोली मिळाली, तेव्हा सुटलो.

मागच्या विकांताला वाडीवर गेलो होतो. आत्या ओटीवर बसली होती, गळ्याभोवती फडकं, आवाज बसलेला. मी तिला हे सगळं सांगितलं, मला येईल तसं. उंदरांचं, दुधाचं, सारख्या उंदरांतही एखाद्याला होतं न् एखाद्याला होत नाही, तर माणसांत काय सांगावं, पण मिश्रीनं शक्यता किती वाढते, हे. ती ऐकत होती. वंशाचं ऐकून म्हणाली, "म्हंजे माझ्या पोरींना?" मी म्हटलं, तोंडाच्या या कॅन्सरमध्ये मुख्य कारण तंबाखूच, त्यांनी मिश्री सोडली की पुष्कळ झालं. मोठीनं सोडलीय. धाकटी सोडते म्हणते.

मग हॅमस्टरचं सांगितलं, आणि भिंतीचं.

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा ज्या भितीला टेकून चा प्यायचे, तिच्या आतल्या मान्सांना ठावं होतं?"

"हो."

"आन् बाबांना कुनी बोललं नाय?"

"नाही आत्या."

तिनं मान हलवली आणि चहा गार झाला म्हणून आत पाठवला.

पुढची तपासणी दीड महिन्यानं आहे, मंगळवारी. खानोलकरांवरचा लेख तेव्हा बाकड्यावर बसून लिहीन म्हणतो.